पयले नाव, मंग औषध

आमच्या निवासातले कोणी वारले, म्हणजे त्याची तिरडी बाहेर पडण्यापूर्वी फाटकापाशी थांबवावी लागे. हा शास्त्राचा नियम नव्हता. किसनजी कंपाउंडरांचा होता. खांदेकरी फाटकाजवळ येतात न येतात तोच किसनजी फाटकाला पाठ लावून उभे राहत आणि विचारत, "नाव?"

"काय किसनजी! सकाईच त तुमी याचे डोये झाकले."

"झाकले असतीन. नाव?"

"तुळशीराम."

"कोनाचा?"

"सखारामजीचा. धनजचा."

मग किसनजी प्रेताच्या तोंडावरचे फडके किंचित बाजूला सारत, चेहरा पाहत, "तुळशीराम, सखारामजीचा," असे स्वतः म्हणत आणि बाजूला होत. एकदा भर उन्हात एक खांदेकरी चिडून म्हणाला, "मेलेला मानूस बदलला त काय बिघडते जी?"

"त्याचं काही नाही बिघडत," किसनजी शांतपणे म्हणाले. "आपली सवय बिघडते."

वाचकांना प्रथम या निवासाची माहिती देणे आवश्यक आहे. वाशीम त्या वेळी अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता, आणि मंगरूळपीरच्या बाहेर, कारंज्याच्या रस्त्याला, सरकी साठवण्याचे एक जुने गोदाम रिकामे पडले होते. गावातील काही व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी मंडळ स्थापून तेथे निराधार वृद्धांसाठी निवास सुरू केला. पाटीवर नाव भारदस्त होते. लोक मात्र त्याला 'म्हाताऱ्यायचं गोदाम' म्हणत. भिंतींना सरकीचा वास अखेरपर्यंत राहिला. मी गावातील शाळेत शिक्षक होतो. मंडळाने मला चिटणीस नेमले आणि निवासातील सेवकांना अक्षरओळख करून देण्याचे कामही माझ्याकडेच सोपवले.

अशा संस्थांना जाब विचारणारा कोणी तेव्हा आमच्या भागात तरी नव्हता. सेवक कोणाला नेमावे, त्याला काय शिकवावे, औषध कोणी आणि कसे द्यावे, याविषयी एक ओळही कोठे लिहिलेली नव्हती. शेतात हात चालेनासे झालेला माणूस निवासात सेवक होई. तालुक्याचे सरकारी डॉक्टर वर्षाकाठी तपासणीस येत, भिंतीला चुना लागला आहे ना हे पाहत, चहा घेत आणि जात. बाकीचा सगळा कायदा म्हणजे एकटे किसनजी.

ते युद्धाच्या काळात लष्करी इस्पितळात होते, एवढेच आम्हाला ठाऊक होते. उंच, वाळलेले, खाकी अर्ध्या विजारीवर पांढरा सदरा. औषधांच्या खोलीतच त्यांची पथारी असे. त्यांच्या कायद्याचे पहिले कलम होते, "पयले नाव, मंग औषध." रोग्याने स्वतःचे नाव सांगायचे. त्याला बोलता येत नसेल तर औषध देणाऱ्याने ते मोठ्याने उच्चारायचे. मग शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाने तेच नाव पुन्हा म्हणायचे. त्यानंतरच चमचा ओठांना लागायचा. हा नियम त्यांच्या अंगात इतका भिनला होता की ते चहासुद्धा असाच देत. मंडळाचे अध्यक्ष मोठे अडतदार होते. त्यांनी एकदा कपाकडे हात केला, तर किसनजींनी कप मागे घेतला.

"नाव?"

"अरे, मले ओळखत नाही का तू?"

"ओळखतो जी. म्हनूनच इचारून राह्यलो. ओळखीतच गफलत होते."

नवा सेवक आला की त्याला ते प्रथम खाटेवर उताणे निजवीत आणि त्याच्या तोंडात कडुलिंबाचा काढा ओतवीत. तो ठसकला, डोळ्यांत पाणी आले, की म्हणत, "समजलं? निजल्या मानसाच्या तोंडात औषध ओतनं म्हंजे त्याले विहिरीत ढकलनं. पयले मान उचलाची." मी केवळ अक्षरे शिकवणार असल्यामुळे मला या शिक्षणातून सूट मिळेल असे वाटले होते. मिळाली नाही. "गुर्जी, शिकवनारानं पयले प्यावं," असे म्हणून त्यांनी मलाही निजवले. त्या काढ्याची चव मला अजून आठवते, आणि मान उचलण्याचा धडा तर त्याहूनही चांगला आठवतो.

नावापाठोपाठ "कोनाचा?" हा प्रश्न येई, त्यालाही सबळ कारण होते. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांत तीच ती नावे फिरत: विठोबा, सखाराम, लक्ष्मण, पुंजाजी. बापाचे नाव जोडल्याशिवाय माणूस निश्चित होत नसे. पण निवासात येणाऱ्यांना हा प्रश्न फार जड जाई. लक्ष्मण नावाचा एक म्हातारा पहिल्या दिवशी म्हणाला, "मी कोनाचाच नाही. बापाचं नाव काढू नका. पोरं आहेत, पन मी त्यायचा नाही."

"असं इथं चालत नाही," किसनजी म्हणाले. "कोनाचा तरी सांगा लागते. बैल होता का?"

"होता. ढवया."

"मंग तू ढवयाचा."

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ लक्ष्मण छाती पुढे काढून सांगू लागला, "लक्ष्मन. ढवयाचा." निवासात पहिल्यांदा हसू ऐकू आले ते तेव्हा. मी एकदा सहज किसनजींना विचारले, "आणि तुम्ही कोणाचे?" ते बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवत होते. मान वर न करता म्हणाले, "मी इचारनारा आहो, गुर्जी. इचारनाऱ्याले कोन इचारते?"

या सुरळीत चाललेल्या कायद्याला पहिला तडा गेला तो शेवंतामुळे. शेवंता ही सेविकांत सर्वांत हाताची हलकी. जे म्हातारे कोणाच्याही हातून घास घेत नसत ते तिच्या हातून घेत. तिने काढ्याची परीक्षा दिली, बाटल्यांवरची अक्षरे ओळखायला शिकली. किसनजींनी तिला कधी शाबासकी दिली नाही, पण अवघड रोगी तिच्याच वाट्याला देत. म्हणून पुंजाजीही तिच्याकडेच आला.

पोहरादेवीची यात्रा आटोपल्यावर हा म्हातारा देवळाच्या आवारात बसलेला सापडला. गर्दीत त्याला कोणीतरी सोडून गेले होते. एक अंग लुळे, वाचा गेलेली. हातावर 'पुंजाजी' असे गोंदलेले होते, त्यावरून नाव कळले. तो कोणाचा हे सांगायला कोणीच नव्हते. किसनजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "देवीपाशी सापडला. देवीचा." अशा रीतीने तो 'पुंजाजी, देवीचा' झाला. तो दिवसभर कण्हत असे आणि मधूनच त्याला झटके येत. डॉक्टरांनी त्याच्यासाठी अफूचे मिश्रण लिहून दिले होते. ते काळ्या बाटलीत असे.

अडचण अशी की शेवंताच्या नवऱ्याचे नावही पुंजाजी.

पतीचे नाव स्त्रीने उच्चारू नये, उच्चारल्यास त्याचे आयुष्य घटते, ही समजूत आमच्याकडे घरोघर होती. तेच नाव दुसऱ्या कोणाचे असले तरी ते टाळले जाई. शेवंता चमचा घेऊन उभी राहिली आणि किसनजींनी विचारले, "नाव?"

"यायले देतो मी औषध."

"यायले म्हंजे कोनाले?"

"हेच ते जी. आमच्या घरच्यायच्या नावाचे."

"तुझ्या घरच्यायचं नाव काय?"

"तुमाले ठाऊक आहे न जी! कालच त आले होते डबा घेऊन."

"मले ठाऊक आहे. बाटलीले ठाऊक नाही."

शेवंताचे डोळे भरून आले, पण ओठ उघडले नाहीत. वाचकांनी तिला हसू नये. तिच्या समजुतीप्रमाणे आम्ही तिला असे सांगत होतो की, या परक्या म्हाताऱ्याला जगवण्यासाठी तू रोज, दोन वेळा, आपल्या नवऱ्याचे आयुष्य थोडे थोडे खर्च कर.

किसनजींनी औषधाचे काम गोविंदा नावाच्या सेवकाला देऊन पाहिले. त्याच्या हातून म्हातारा औषध थुंकून टाकी. शेवटी असे ठरले की औषध शेवंताने द्यायचे आणि नाव किसनजींनी शेजारी उभे राहून घ्यायचे. तेच नाव पुन्हा म्हणणारा दुसरा माणूस असा उरलाच नाही. स्वतःच्या नियमाला त्यांनी स्वतः घातलेली ती एकच मुरड. आणि शेवंता इतरांशी बोलताना त्या म्हाताऱ्याला 'कोपऱ्यातले बाबा' म्हणू लागली, कारण त्याची खाट कोपऱ्यात होती.

तपासणीचे दिवस जवळ आले तसा भिंतींना चुना लावायचे ठरले. किसनजी औषधे आणायला अकोल्याला गेले होते. दुपारी मजूर आले आणि त्यांनी कोपरा मोकळा करण्यासाठी खाटा सरकवल्या. शेवंताला घरून निरोप आला की लेकराला ताप भरला आहे. ती तशीच निघाली. जाता जाता बाहेर चुना कालवणाऱ्या गोविंदाला म्हणाली, "दादा, कोपऱ्यातल्या बाबाले काया बाटलीतलं देजो." खाटा हलल्याचे तिने पाहिले नव्हते. गोविंदा आत आला तेव्हा चुना लागून खाटा परत भिंतीशी गेल्या होत्या. मात्र जिथल्या तिथे गेल्या नव्हत्या. कोपऱ्यात आता विठोबा होता, छातीच्या विकाराचा, उथळ श्वासाचा. चुन्याच्या घाईत गोविंदाने नाव विचारले नाही, चेहराही पाहिला नाही, फक्त कोपरा पाहिला; आणि मान उचलून, नीट शिकवल्याप्रमाणे, विठोबाला अफूचे मिश्रण पाजले. तेवढे मात्र त्याने अचूक केले.

किसनजी दिवेलागणीला परतले. नेहमीप्रमाणे खाटांमधून फिरत निघाले आणि कोपऱ्यात येऊन थांबले. "नाव?" विठोबा बोलता म्हातारा; पण उत्तर आले नाही. त्यांनी काळी बाटली उजेडाकडे धरली, पट्टीवरची खूण पाहिली आणि त्या खाटेशेजारी जमिनीवर बसले. डॉक्टरांना बोलावणे गेले. विठोबाचा श्वास दुसऱ्या दिवशी दुपारी थांबला.

तिरडी फाटकाशी आली. किसनजी उभे होते.

"नाव?"

"विठोबा," गोविंदा म्हणाला.

"कोनाचा?"

"रामजीचा."

किसनजींनी फडके बाजूला केले, चेहरा पाहिला, नाव म्हटले. मग बाजूला झाले नाहीत. पुढे होऊन त्यांनी खांदा दिला.

मंडळाची बैठक भरली. अध्यक्षांनी एका वाक्यात निकाल दिला, "त्या बाईले काढा."

"काढा," किसनजी म्हणाले. "पन मलेही काढा. जे तिच्यानं होनार नाही ते मी तिले शिकवलं, अन् ते होत नाही हे रोज डोयानं पाहत होतो. ज्याले जमत नाही असा नियम भिंतीवर टांगून काय कामाचा?"

"मंग आता काय करतोस?"

"तिच्या घरच्यायले बोलावतो. चार रोज द्या. नाही जमलं त दोघंही जातो."

अशा रीतीने शेवंताची नोकरी आणि किसनजींची नोकरी एकाच दोरीला बांधली गेली. शेवंताच्या मिळकतीवर घरातली चूल अवलंबून होती; हे सर्वांना ठाऊक होते.

तिचा नवरा पुंजाजी आणि सासू दोघेही आले. पुंजाजी बाकाच्या अगदी कडेला टेकला, हातातला रुमाल पिळत. "म्हनू द्या जी तिले," तो म्हणाला. "मले कायचं काय होते!"

"तू गप बस," सासू म्हणाली. "तुले काय समजते मरन?"

"माय," किसनजी म्हणाले, "इथं एक मानूस गेला."

"तुमचा गेला म्हनून मी माझा देऊ का?"

पलीकडे, पुन्हा कोपऱ्यात आणलेला म्हातारा पुंजाजी जोरजोराने कण्हू लागला. त्याच्या औषधाची वेळ टळून गेली होती.

"तो काहून असा करून राह्यला?" सासूने विचारले.

"औषध पायजे त्याले."

"मंग द्या न बाप्पा."

"गोविंदाच्या हातून घेत नाही. अन् जिच्या हातून घेते तिले नाव घेता येत नाही."

म्हातारी उठून खाटेपाशी गेली. तिने त्याच्या हातावरचे गोंदण पाहिले. तिला वाचता येत नव्हते. पण हातावर नाव असलेला आणि तोंडाने ते सांगू न शकणारा माणूस तिला दिसला असावा. मग सुनेकडे न पाहता म्हणाली, "उखान्यात घेतलं त दोष नाही. लग्नात घेतलंच होतं हिनं. पन दवाखान्यात उखाना कोन घेते?"

"आमी घेतो!" किसनजी ताडकन उठले. "गुर्जी, नवा नियम. ज्या बाईले नाव घेता येत नाही, तिनं उखान्यात घ्यावं. शेवंता, चमचा घे."

शेवंताने पदर सावरला. खाटेशी बसून म्हाताऱ्याची मान उचलली. तिचा आवाज इतका बारीक होता की आम्ही सारे पुढे वाकलो.

"वाटीत घेतलं औषध, बाटली पाह्यली निरखून,
पुंजाजी देवीचे, यायले देतो मान उचलून."

"पुंजाजी, देवीचे," गोविंदाने मागून म्हटले. म्हाताऱ्याने औषध घेतले. नवरा पुंजाजी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला होता. सासूने त्याच्याकडे नीट पाहून घेतले. तो अजून जिवंत होता.

"उखाना बरा आहे," किसनजी म्हणाले. "'देवीचे' आलं, ते महत्त्वाचं."

पुढचे काही महिने आमच्या गोदामात रोज सकाळ-संध्याकाळ लग्नघरासारखे उखाणे ऐकू येत. बायकांच्या बाजूच्या म्हाताऱ्या तिला नवनवे जोडून देत. लक्ष्मणानेही हट्ट धरला, "माझ्यासाठी घे व एक."

"तुमचं नाव मले तसंच घेता येते बाबा. उखाना कायले?"

"तरी घे. माझं नाव कोनी तसं घेतलंच नाही."

तिने घेतला, ढवळ्यासकट. सरकारी डॉक्टर तपासणीला आले त्या दिवशीही हाच प्रकार चालू होता. ते दारातच थबकले. "हे काय चालले आहे?"

"औषध देऊन राह्यले," किसनजी म्हणाले. "तुमी बसा. चहा घेता? नाव सांगा."

पुंजाजी, देवीचा, त्या हिवाळ्यात गेला. औषधाच्या चुकीने नव्हे; त्याची वेळ भरली होती. तिरडीला शेवंताच्या नवऱ्याने खांदा दिला होता. फाटकापाशी किसनजींनी विचारले, "नाव?" आणि तो भला माणूस घुटमळला. स्वतःचेच नाव प्रेताला लावायचे होते. अखेर घसा खाकरून म्हणाला, "पुंजाजी. देवीचा." आणि मग हळूच जोडले, "मी नाही जी." प्रेतयात्रेत हसू नये हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

त्यानंतर काही वर्षांनी, कापसाच्या हंगामात, एका सकाळी किसनजी औषधांच्या खोलीत पडलेले आढळले. उजवे अंग गेले होते, वाचा गेली होती. त्यांना उचलून कोपऱ्यातल्या त्याच खाटेवर आणले. डॉक्टर येऊन गेले, मिश्रण देऊन गेले. मी शाळेतून धावत आलो तेव्हा गोविंदा चमचा भरत होता.

"थांब," शेवंता म्हणाली. "पयले नाव."

"किसनजी," गोविंदा म्हणाला.

"कोनाचे?"

गोविंदाने माझ्याकडे पाहिले. शेवंताने पाहिले. सगळ्या खाटांवरून माना वळल्या. मी चिटणीस, इतकी वर्षे त्यांच्या शेजारी बसून मी चहा घेतला होता, प्रत्येक वेळी नाव सांगून. मला ठाऊक नव्हते. कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांना कधी पत्र आले नव्हते, सणाला पाहुणा आला नव्हता, आणि ते कोणाकडे गेले नव्हते.

"राहू दे न आता नियम," गोविंदा रडवेला होऊन म्हणाला आणि त्याने चमचा पुढे केला. किसनजींनी ओठ घट्ट मिटले आणि चालत्या डाव्या हाताने चमचा बाजूला सारला.

"ढवयाचे म्हना," लक्ष्मण आपल्या खाटेवरून म्हणाला. "मले काही हरकत नाही."

शेवंताने गोविंदाच्या हातून चमचा घेतला. खाटेवर बसून किसनजींची मान तिने आपल्या हातावर उचलली, अगदी त्यांनीच शिकवल्याप्रमाणे. मग मोठ्याने, सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असे म्हणाली,

"किसनजी. शेवंताचे बाप."

किसनजींचे डोळे तिच्यावर स्थिर झाले आणि भरून आले. पण ओठ उघडले नाहीत.

"घ्या न जी," ती म्हणाली. "सांगितलं न मी. घ्या न बाबा."

त्यांनी डाव्या हाताचे बोट उचलले. ते हवेत फिरले आणि माझ्यावर येऊन थांबले. काय हवे आहे ते मला क्षणभर कळेना. मग कळले. दुसऱ्या माणसाने नाव पुन्हा म्हटलेले नव्हते.

मी खाटेजवळ गेलो, उभा राहिलो, आणि वर्गात हजेरी घेताना म्हणतो तसे स्पष्ट म्हटले, "किसनजी. शेवंताचे बाप."

तेव्हा त्यांनी तोंड उघडले.